गोबरगॅसच्या टाकीची गोष्ट

आज आपण शेणाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आपल्या आजीपणजीचा निम्मा दिवस शेणातच जायचा. पहाटे गोठा झाडायचा, पाटी भरून उकंड्यावर न्यायची, उरलेल्याच्या गवऱ्या थापायच्या, भिंत सारवायची. इतकं करून शेणाचा हिशेब मात्र कुणी तिच्या नावावर लिहिला नाही. मळणी झाली की धान्याचा हिशेब घरधन्याचा, बाजाराचा हिशेब घरधन्याचा. शेण तेवढं बाईचं, कारण त्याला मोल नव्हतं.

मग एक काळ असा आला की शेणाला मोल आलं. त्यातून जाळायला गॅस निघतो आणि गॅस निघाल्यावरही खत शिल्लक राहतं, हे लोकांना कळलं. तेव्हा बाईच्या वाट्याला काय आलं आणि काय गेलं, ते आम्हाला आज सांगायचं आहे. हिंगोलीत बसून सांगत असलो तरी गोष्ट मुंबईपासून सुरू होते.

आधी गॅस म्हणजे काय ते पाहू. उन्हाळ्यात कयाधूचं पाणी आटतं, डोहात नुसता गाळ राहतो. त्यात काठी खुपसली की बुडबुडे येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाला, शेण, घाण हवा न लागता कुजली की तो वायू तयार होतो. इटलीत व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञानं १७७६ साली तळ्यातला गाळ ढवळला, असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, १८९५ साली, इंग्लंडमधल्या एक्झिटर गावात मैल्याच्या टाकीवरच्या गॅसनं रस्त्यावरचे दिवे लावले गेले.

आपल्या देशात मान जातो मुंबईच्या माटुंग्याला. तिथं महारोग्यांसाठी आश्रम होता. तिथलं मैलापाणी बंद टाकीत सोडलं, त्यातून निघालेला वायू धरून दिव्याला आणि इंजिनाला वापरला आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी शेताला दिलं. बऱ्याच पुस्तकांत याचं साल १८५९ असं छापलेलं आढळतं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलं, असं ते चालत आलंय. पण तो आश्रमच मुळी १८९० साली सुरू झाला. मुंबई महापालिकेचे आयुक्त ॲकवर्थ साहेब यांनी तो उभा केला. मग टाकी एकतीस वर्षं आधी कशी असेल? गॅसचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी झालं, असंच धरलं पाहिजे.

ॲकवर्थ हे नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणानं ओळखीचं असायला हवं. याच साहेबानं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर गावोगावच्या गोंधळ्यांकडून आणि शाहिरांकडून जुने पोवाडे गोळा केले आणि १८९१ साली ते छापले. एका हातानं पोवाडे गोळा करायचे, दुसऱ्या हातानं रस्त्यावर पडलेले महारोगी. या देशात अशा गॅसवर पहिला दिवा लागला तो ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं त्यांच्या घरात, एवढं लक्षात ठेवा. पुढं या गोष्टीत वेशीबाहेरची माणसं पुन्हा पुन्हा येणार आहेत.

शेणाकडं शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं ते १९३० नंतर. दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत देसाई नावाच्या शास्त्रज्ञांनी १९३९ च्या आसपास शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग केले. पण तो प्रयोगशाळेतला गॅस होता, शेतकऱ्याच्या दारात नेण्यासारखा नव्हता. ते काम केलं जशभाई पटेल यांनी. १९५१ च्या सुमारास त्यांनी एक सोपी टाकी तयार केली. जमिनीत विटांची विहीर आणि तिच्यावर लोखंडाचा उलटा पिंप. गॅस साठला की पिंप वर चढतो, वापरला की खाली बसतो. त्यांनी टाकीला नाव दिलं 'ग्रामलक्ष्मी'. पुढं १९६१-६२ पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं ही टाकी हातात घेतली. मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिच्यावर संशोधनही चाललं. खादी म्हटलं की आपल्याकडच्या बायांना नांदेडचा तिरंगा आठवतो. पण चरखा आणि गोबरगॅस ही दोन्ही कामं त्या काळी एकाच खात्याची होती.

पिंपाची टाकी आमच्या मते बाईच्या सोयीची होती. कारण साधं आहे. स्वयंपाकाला बसण्याआधी दारातून एक नजर टाकली की कळायचं, पिंप वर आहे म्हणजे भाकरी, वरण, दूध सगळं होईल. पिंप खाली बसलाय म्हणजे सरपण आणायला पाहिजे. शिवाय पिंपाच्या वजनानं गॅसला दाब सारखा राहायचा, भाकरी करपायची नाही. खोट एकच, लोखंड. शेणात बुडालेलं लोखंड गंजतं. दरवर्षी घासून रंग द्यावा लागे. रंग राहिला की दोन-चार वर्षांत भोक पडे आणि ज्या घरात पिंपाला भोक पडलं त्या घरातली टाकी बहुधा परत सुरू झालीच नाही. आजही काही जुन्या वाड्यांच्या मागं अशी बुजलेली विहीर दिसते. लेकरं तिच्यात पडू नयेत म्हणून वर फरशी टाकलेली असते.

आता आम्ही तुम्हाला कोकणात नेतो, कारण या गोष्टीतला सगळ्यात अवघड धडा तिथं शिकला गेला.

अप्पासाहेब पटवर्धन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८९४ चा, ब्राह्मणाच्या घरचा, एम. ए. शिकलेला माणूस. गांधीजींकडं गेले आणि तिथून त्यांनी मैला साफ करणं हेच आपलं काम मानलं. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं मैला उचलण्याचं काम ठराविक जातीच्या कैद्यांनाच देत. अप्पासाहेबांनी ते काम मला द्या म्हणून मागितलं. तुरुंगवाल्यांनी नाकारलं. त्यांनी अन्न सोडलं. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली तेव्हा त्यांनीही डिसेंबर १९३२ मध्ये अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. जगात कुणी भाकरीसाठी उपाशी राहतं, कुणी राज्यासाठी. या माणसानं मैल्याची पाटी मागण्यासाठी अन्न सोडलं.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथं मेलेल्या जनावराचं कातडं सोडवण्यापासून सोनखतापर्यंत सगळी कामं ते स्वतः करत. सोनखत म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत. त्याला सोनं म्हणायचं आणि उचलणाऱ्याला मात्र शिवायचं नाही, हा आपला जुना खोटेपणा. अप्पासाहेबांचं म्हणणं असं की मैला डोक्यावरून वाहणं बंद करायचं असेल तर नुसता उपदेश पुरणार नाही, संडासच असा पाहिजे की मैला कुणाला उचलावाच लागू नये. जागच्या जागी त्याचं खत व्हावं. त्यासाठी त्यांनी स्वस्तातला गोपुरी संडास बनवला.

त्यांचा विचार पुढं नेला डॉ. सुहास मापुस्कर यांनी. १९६० च्या सुमारास हे तरुण डॉक्टर पुण्याजवळच्या देहूला सरकारी दवाखान्यात आले. तुकोबांचं गाव. वारीला हजारो माणसं येणार आणि संडास जवळजवळ नाहीतच. जुलाब, जंत, कावीळ यांवर औषध देऊन देऊन डॉक्टर थकले आणि औषधाच्या आधी संडास हवा, असं म्हणू लागले. सुरुवातीला बांधलेले संडास पावसात टिकले नाहीत. मग त्यांनी रचना बदलली, गावातल्या माणसांशी बोलत राहिले, आणि वर्षानुवर्षं खपून देहू घरोघरी संडास असलेलं गाव केलं. त्यांनी संडासाला जोडलेली गॅसची टाकीही तयार केली. तिचं नाव 'मलप्रभा'. मळातून प्रभा, म्हणजे उजेड. डॉक्टर २०१५ साली वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

संडासाच्या गॅसवर भाकरी? शी, असं आपल्या गटातही अर्ध्या जणी म्हणतील, आम्हाला ठाऊक आहे. आमच्यातही हा वाद झाला. एकीनं विचारलं, नैवेद्य कसा करायचा त्यावर? दुसरी म्हणाली, गॅस पेटला की अग्नी झाला, अग्नीला कसला विटाळ? तिसरीनं सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "तुमच्या शेतात सोनखत पडतं त्या शेतातला गहू खाता ना?" वाद मिटला नाही, पण पुढं सरकला. शास्त्रानं पाहिलं तर जळून जाणाऱ्या वायूत मैल्याचा अंशही नसतो. तरी मन मानत नसेल तर शेणाची टाकी वेगळी ठेवावी. जबरदस्तीनं बांधलेली टाकी कुणी वापरत नाही, हे गावोगावच्या बंद संडासांनी आपल्याला शिकवलंच आहे.

परत शेणाकडं येऊ. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या जिवावर आला होता. सुकडी, खडी फोडण्याची कामं, चाऱ्याअभावी सोडून दिलेली जनावरं, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी भोगलंय. दुष्काळ सरतो न सरतो तोच १९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं आणि जगात तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. रॉकेल महागलं, रासायनिक खतही महागलं, कारण खतही तेल आणि वायूवरच बनतं. तेव्हा दिल्लीला शेणाची आठवण झाली. सरळ बोलायचं तर बाईच्या डोळ्यातला धूर पाहून ही योजना आली नाही. खताची आणि तेलाची आयात परवडेना म्हणून आली. धूर आधीपासून होताच.

त्याच सुमारास चीनमध्ये लाखोंनी गोबरगॅसच्या टाक्या बांधल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तिकडच्या टाकीला पिंप नव्हता. विटांचाच घुमट, सगळा जमिनीखाली. तिच्यावरून उत्तर प्रदेशात १९७८ साली 'जनता' नावाची टाकी तयार झाली आणि १९८४ साली तिच्याहून स्वस्त 'दीनबंधू'. दीनबंधूला विटा कमी लागतात, लोखंडाचा पिंप लागत नाही, गंजण्याची भानगड नाही. १९८१-८२ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली, अनुदान आलं, आणि पंचायत समितीतून टाक्यांचे आकडे वर जाऊ लागले. आकडा वर जाणं वेगळं आणि चुलीवर निळी ज्योत पेटणं वेगळं. अनुदान मिळेपर्यंत टाकी चालवायची आणि नंतर तिच्यात कडबा ठेवायचा, असंही पुष्कळ ठिकाणी झालं.

आपल्या भागात टाक्या का टिकल्या नाहीत? हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. याची कारणं कागदावर कमी आणि आपल्या अंगणात जास्त सापडतात.

पहिलं कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत नुसता खड्डा करून विटांचा घुमट बसवला तर माती त्याला दाबते, ओढते आणि बारीक चीर पडते. चिरेतून गॅस जातो, कुणाला दिसत नाही. बाई म्हणते, शेण टाकून टाकून दमले, गॅस येईना. चांगला गवंडी टाकीच्या भोवती मुरूम भरतो आणि आतून प्लॅस्टर नीट घोटतो. कसातरी उरकणारा गवंडी ते करत नाही. घुमटाच्या टाकीचं सगळं यश त्या गवंड्याच्या हातात असतं.

दुसरं कारण पाणी. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि योजनेच्या कागदात सगळ्यात कमी. घरगुती दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. पन्नास लिटर पाणी म्हणजे तीन हंडे. एप्रिल-मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेले तीन हंडे कोणती बाई शेणात ओतेल? त्यामुळं टाकी मार्चला बंद पडे, आत शेण वाळून घट्ट होई, जूनमध्ये ती उपसायला कुणी उतरत नसे. ज्या घरांनी गोठ्याला फरशी करून गोमूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी एका नालीत आणलं, त्यांचं बरं चाललं. हे सुचवलं असेल तर गोठा धुणाऱ्या बाईनंच.

तिसरं कारण आमच्या मराठवाड्याचं खास. आपली जनावरं आखाड्यावर, शेतात, चूल गावात. शेण एका जागी, तवा दुसऱ्या जागी. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन दोन मैल यायचं की गॅसची नळी दोन मैल टाकायची? कोकणात गोठा घराला चिकटून असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात गोबरगॅस हजारोंनी झाले, टिकले, त्याला हेही एक कारण असावं असं आम्हाला वाटतं. दुसरं कारण तिथल्या माणसांचं काम. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं टाकी बांधून हात झटकले नाहीत. बँकेचं कर्ज, गवंडी, दुरुस्ती यांची साखळी लावून दिली.

आता जे बोलायचं ते जरा अवघड आहे.

शेणाला मोल नव्हतं तेव्हा रस्त्यावरचं, गायरानातलं शेण कुणीही उचलायचं. ज्या बाईकडं ना जमीन ना जनावर, ती सकाळी पाटी घेऊन गुराख्याच्या मागं हिंडायची आणि त्या शेणाच्या गवऱ्यांवर तिची चूल पेटायची. काही जणी गवऱ्या विकून मीठमिरची आणत. मोठ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात झाडलोट करणाऱ्या बाईला मजुरीबरोबर पाटीभर शेणही मिळे. दारात टाकी आली, शेण टाकीत जाऊ लागलं. जनावरं दिवसभर दावणीलाच राहिली तर रस्त्यावरही शेण पडेना. ज्याच्याकडं चार-पाच जनावरं त्याच्या घरी धूर गेला, आणि ज्या घरी शेळीखेरीज काही नाही तिथली गवरीही गेली. देशातल्या अभ्यासकांनी ही गोष्ट तेव्हाच बोलून दाखवली होती. आमच्या गटातल्या एका म्हाताऱ्या बाईनं ती एका वाक्यात सांगितली: "त्यांचा गॅस पेटला अन् माझी गवरी विझली." तिला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही.

यावर उपाय म्हणून सगळ्या गावाची एक टाकी, ही कल्पना पुढं आली. उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात फतेहसिंग का पुरवा नावाच्या वस्तीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीनं तशी टाकी झाली. घरोघर नळ्या, ठरलेल्या वेळी गॅस. कल्पना सुरेख, पण शेण कमी पडू लागलं. माझं शेण जास्त, मला गॅस कमी का, हा प्रश्न आला. तो सुटला नाही की टाकी थंडावते.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या सुमारे पाचशे वस्तीच्या गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची माणसं, प्राध्यापक अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी, हेच करायला गेली होती. त्यांनीही आधी स्वयंपाकाच्या गॅसचाच विचार केला. पण गावातलं सगळं शेण मोजलं तरी सगळ्यांच्या चुली पेटतील एवढं भरेना. मग त्यांनी गावालाच विचारलं, तुम्हाला काय हवं? उत्तर आलं, पाणी. तेव्हा १९८७ पासून त्या गॅसवर इंजिन चालवून वीज केली, विंधन विहिरीचं पाणी नळानं दारात आणलं आणि घरात दिवे लावले. ज्याचं शेण त्याला गॅस निघालेलं खत परत. आणि जी बाई किंवा पोरगी शेण आणून टाकेल आणि खत परत नेईल तिला वाहून आणण्याचे किलोमागं दोन पैसे. दोन पैसे म्हणजे काहीच नाही, म्हणाल. पण शेण वाहण्याच्या कामाला मजुरी लावल्याची आम्हाला माहीत असलेली ही पहिली गोष्ट आहे. शिवाय ज्याच्याकडं जनावर नाही त्याच्या दारातही नळ आला. दहाएक वर्षं ते चाललं.

तोवर सिलिंडरही आले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी पहिल्यांदा लाल टाकी आली. पहिली भरलेली. दुसरी भरून आणायला पैसे जमेपर्यंत मात्र तुराट्या आणि पऱ्हाट्याच. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव, २००३ च्या सुमारास शेणाशिवाय चालणारी छोटी टाकी केली होती. तिला शिळं अन्न, पीठ, कुजकी फळं द्यायची. त्यांचं म्हणणं, शेण म्हणजे जनावरानं आधीच पचवून टाकलेला चोथा. गॅसच्या जंतूंना पिठूळ, गोड खाणं द्या, थोडक्यात जास्त गॅस मिळेल. २००६ साली त्यांच्या संस्थेला या कामासाठी इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शहरात ते पटलं. आपल्या घरी शिळी भाकरी टाकीत टाकण्याएवढी उरत नाही, आणि उरली तर म्हैस वाट पाहत असते.

शेवटची गोष्ट गुजरातच्या बायांची. आणंद जिल्ह्यात राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानं झकरियापुरा आणि मुजकुवा या गावांत बायांच्या घरामागं छोट्या टाक्या दिल्या. गॅस घरच्या चुलीला. टाकीतून बाहेर पडणारी स्लरी, आपण जिला मळी म्हणतो, ती आधी स्वतःच्या शेताला. उरेल ती विकायची. मुजकुव्याच्या बायांनी त्यासाठी 'सखी खाद सहकारी मंडळी' काढली. दुधाची जशी फॅट पाहून किंमत होते तशी स्लरीची तिच्या दर्जावरून किंमत ठरू लागली, सुरुवातीला लिटरमागं पाऊण रुपयापासून दोन रुपयांपर्यंत. डेअरीचा हिशेब ज्या बायांनी सांभाळला त्यांना हे नवं नव्हतं. शेणाच्या हिशेबावर बाईचं नाव आलं ते असं.

आपल्या जिल्ह्यात हे जमेल का, असं तुम्ही विचाराल. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळद खताला किती खादाड आहे ते तुम्हाला सांगायला नको. एकरी गाड्या मोजून शेणखत टाकावं लागतं, आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, त्यामुळं शेणखत विकत घ्यावं लागतं. टाकीतून निघालेल्या मळीत नत्र उकंड्यावरच्या खतापेक्षा जास्त टिकून राहतं, कारण उकंड्यावर ते उन्हानं आणि हवेनं उडून जातं. तणाचं बी बऱ्यापैकी मरतं, त्यामुळं निंदणी कमी, आणि निंदणी कोण करतं ते आपण जाणतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. हळद शिजवायला लागणारी आच घरच्या टाकीतून मिळणार नाही. तसं कुणी सांगितलं तर ते विकणाऱ्याचं बोलणं समजा.

दोन घनमीटरची टाकी पुरेपूर चालली तर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरएवढा गॅस मिळतो. पुरेपूर म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरं, रोज पन्नास किलो शेण आणि तीन हंडे पाणी. पहिल्यांदा भरली की तीन-चार आठवडे थांबायचं. पहिला गॅस हवेत सोडून द्यायचा, पेटवायचा नाही, त्यात हवा मिसळलेली असते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक कागद करून आणावा असं आम्ही सुचवतो. कुणाकडं किती जनावरं, ती गावात बांधतात की आखाड्यावर, मे महिन्यात पाणी कुठून येतं, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला गटातल्या ज्या बायांकडं एकही जनावर नाही त्यांची नावं. टाकी कुणाच्या दारात बसवायची ते नंतर ठरवू. आधी त्या दुसऱ्या बाजूच्या बायांना विचारायचं, शेण वाहण्याची मजुरी काय घ्याल आणि मळीतला वाटा किती. त्यांची उत्तरं आम्हाला कळवा, इथं वाचून दाखवू.